नतेन आणि न तेन

आमच्या घरीं मुलांच्या शिक्षणासाठीं एक सामाईक पेटी आहे. गरजेप्रमाणें कोणीही पैसे उसने न्यावे, सवडीनें परत करावे. किल्ली थोरल्या सूनबाईंकडे. गेल्या महिन्यांत हिशेबापेक्षां पेटींत रक्कम कमी भरली. कोणी स्पष्ट बोललें नाहीं, तरी दोन दिवस सूनबाईंच्या घशाखालीं घांस उतरेना.

हा हिशेब आमच्या नातवानें संगणकावर हॅस्केल भाषेंत बसविला आहे. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचें नांव धारण करणाऱ्या या भाषेचा पहिला आराखडा १९९० सालीं प्रसिद्ध झाला. पुष्कळ भाषांत आज्ञांचे समूह महिरपी कंसांत बांधतात. तेथें ओळी पुढेंमागें झाल्या तरी कंस पाहून एडिटरला त्या पुन्हां नीट लावतां येतात. हॅस्केलमध्यें कंसांची मुभा आहे, पण रूढ रीत निराळी: समासापासूनचें अंतर हाच कंस. मागल्याच स्तंभांत सुरू झालेली ओळ ही नवी आज्ञा, अधिक आंत गेलेली ओळ हा आधींच्याच आज्ञेचा पुढचा भाग, आणि ओळ डावीकडे सरकली कीं समूह संपला.

नातवाच्या प्रोग्रॅममध्यें 'परतफेड झाली असेल तर' या अटीखालीं दोन आज्ञा होत्या: पावती नोंदणें आणि येणें कमी करणें. दुसरी ओळ घेतांना एडिटरनें सुचविलेला स्तंभ त्यानें न पाहतांच स्वीकारला. तो अटीच्या बाहेरचा होता. परिणामीं परतफेड न करणारांचेंही येणें घटलें, आणि पेटींत असावयाची रक्कम कागदोपत्रीं फुगली! कंपायलरनें हूं कीं चूं केलें नाहीं. कारण ती आज्ञा दोन्ही स्थानीं व्याकरणशुद्धच होती.

एडिटरला तरी दोष कसा द्यावा? नव्या ओळीला पुष्कळदां दोनतीन स्थानें नियमास धरून असतात. त्यांतलें इष्ट कोणतें, हें लिहिणाराच्या मनांत. ईमॅक्सच्या हॅस्केल-मोडमध्यें टॅबची कळ पुन्हां पुन्हां दाबली असतां हीं स्थानें एकामागून एक पुढें येतात. निवड मात्र माणसाची.

संस्कृत शिकवितांना आम्ही फळ्यावर 'नतेन' लिहीत असूं. अखंड वाचलें तर 'नम्र झालेल्यानें'. मध्यें जागा सोडली तर 'त्यानें नव्हे'. अक्षरें तींच, अर्थ पार निराळा.

वाचकहो, जेथें रिकामी जागाच अर्थ सांगते, तेथें ती डोळे मिटून दुसऱ्यावर सोंपवूं नये. नातवानें ओळ आंत सरकविली, हिशेब पैन् पै जुळला, आणि त्यानें सूनबाईंची क्षमा मागितली. मग आम्हींही मागितली. ते दोन दिवस आम्ही गप्प होतों, आणि त्या गप्प राहण्याचा त्यांनीं कांहीं अर्थ लावलाच असेल.