चांदीला तिजोरी, चिठ्ठीला काय?



लक्ष्मीपूजनाला आपल्या चांदीकामाच्या हुपरीत हिशेबाच्या वहीची पूजा होते. कुणाला किती चांदी दिली, किती टंचाची म्हणजे शुद्धतेची, घडणीतली घट किती धरली, मजुरी किती राहिली, हे सगळे तिच्यात. वर्षभर ती कपाटात कुलूपबंद असते. मालक आणि दिवाणजी यांच्याखेरीज तिला कुणी हात लावत नाही. अलीकडे पाटावर तिच्या शेजारी लॅपटॉपही बसतो, त्यालाही हळदकुंकू लागते. पण त्यातला तोच हिशेब ईमेलने सीएकडे जातो, पैंजणाचा नवा नमुना फोटो होऊन परगावच्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि वाटेत तो आणखी कुणी पाहिला का, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या लावणारे गाव चिठ्ठीच्या बाबतीत इतके भोळे कसे? यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय त्यातूनच ठरला: गुपित.

‘ज्याच्या मनात काही नाही, त्याने लपवावे कशाला?’ असे विचारणारे भेटतात. त्यांनी वडगावच्या जनावरांच्या बाजारातला जुना सौदा आठवावा. दोघे उपरण्याखाली हात धरत, बोटांवर भाव ठरे. कोण कुणाशी बोलतो आहे हे अवघा बाजार पाही; आकडा मात्र दोघांतच राही. त्यात लबाडी नव्हती. पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना आपला हात उघडा पडू नये, एवढाच शहाणपणा होता. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीवाचून मजकूर वाचता येऊ नये अशी सोय, हे तेच उपरणे, गणिताच्या धाग्याने विणलेले.

आजची ईमेल दोन सर्व्हरांमधल्या प्रवासात बहुधा झाकलेली असते; पण मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ती वाचता येण्याजोगीच पडून राहते. आपला पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका रात्रीत त्याचा. यावरचा उपाय जुना आहे. 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी मांडलेली कल्पना आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात उभे राहून कळेल. दानपेटीच्या फटीतून कुणीही पैसे टाकावेत. काढायचे तर किल्ली हवी. तशीच माणसाने एक ‘फट’ जगाला जाहीर करायची आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी नावाचा प्रोग्राम लिहून ही सोय साध्या माणसाच्या संगणकावर आणली. आज थंडरबर्डसारख्या फुकट मिळणाऱ्या मेल प्रोग्राममध्ये ती आहे. मात्र उपरण्याची मर्यादा इथेही लागू: मजकूर झाकला जातो, पण कुणी कुणाला कधी लिहिले हे दिसतेच. पत्राच्या विषयाची ओळही पुष्कळदा उघडीच राहते. म्हणून त्या ओळीत भाव लिहू नये.

गुपित म्हटले की मोडी लिपी आठवते; तिला पुष्कळ जण गुप्त लिपी समजतात. ती तशी नव्हती; ती भराभर लिहिण्याची लिपी, आणि शिकलेल्या कुणालाही वाचता येई. कुलपाची रचना अनोळखी असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच बजावले होते, की पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी बिघडता कामा नये. सारी भिस्त किल्लीवर हवी. आपली गफलत नेमकी तिथे आहे. बँकेचे विवरण कुलूपबंद पीडीएफमध्ये येते आणि त्याचा पासवर्ड पुष्कळदा आपली जन्मतारीख असते. शंभर वर्षांत तारखा साधारण 36,500. संगणकाला त्या क्षणभराच्या. आणि हुपरीत तुमची जन्मतारीख कुणाला माहीत नाही? गल्लीने तुमचे बारसे जेवलेले आहे! म्हणून फाइलला कुलूप लावाल तेव्हा किल्ली म्हणून चार-पाच असंबद्ध शब्दांची लांब ओळ घ्या, आणि ती त्याच मेलमधून पाठवू नका, फोनवर सांगा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश 2016 पासून पाठवणारा आणि घेणारा या दोन टोकांपुरते बंद असतात, पण क्लाउडवरच्या बॅकअपचे कुलूप आपणच सेटिंगमध्ये जाऊन लावावे लागते.

हेच कुलूप चोराच्या हातीही आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने जगभरचे संगणक असे बंद केले, की किल्ली कुणाकडेच उरली नाही. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यात कोलमडले. म्हणून हिशेबाची एक प्रत संगणकापासून तोडून, वेगळ्या डिस्कवर असावी. आणि स्वतःच्या कुलपाची किल्ली हरवली तर ते तोडून देणारा कारागीर या दुनियेत नाही, हेही ध्यानात असावे. किल्ली कागदावर लिहून, पाकीट बंद करून घरातल्या एका विश्वासू माणसाकडे द्या.

राहिला सरकारचा प्रश्न. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दुसऱ्या बाजूला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली ठरावीक कारणांसाठी कुलूप उघडून मागण्याचा अधिकार सरकारला आहे. सप्टेंबर 2015 मध्ये तर नागरिकांनी आपले संदेश 90 दिवस उघड्या रूपात जपून ठेवावेत, असा सरकारी धोरणाचा मसुदा निघाला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. गुन्ह्याचा तपास व्हावा, याबद्दल दुमत नाही. पण चोर पकडण्यासाठी गावातल्या प्रत्येक तिजोरीची एक किल्ली चावडीत टांगून ठेवा, असे कुणी म्हटले तर हुपरी काय उत्तर देईल, हे सांगायला नको. चावडीतली किल्ली आज ना उद्या चोरालाच सापडते.

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, घरी बसून घुंगरू जोडणाऱ्या बायकांच्या मनातली गुपितेही आहेत.  

यंदा वहीला हळदकुंकू वाहाल तेव्हा शेजारच्या लॅपटॉपचा पासवर्डही बदला. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त चांगला आहे.

आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक