सामना गहुंजेत, पण वडापाव कुठे? स्टेडियमच्या गर्दीचा पैसा मावळात का थांबत नाही

वडगाव मावळ : गहुंजेच्या स्टेडियमवर मोठा सामना असला की मावळात दोन गोष्टी हमखास होतात. रस्ते गाड्यांनी भरतात आणि पोरं तिकिटाच्या मागे लागतात. तिसरी गोष्ट मात्र व्हायला हवी तेवढी होत नाही. आलेल्या हजारो माणसांना परवडेल असं खायला मिळणं, आणि ते विकून गावच्या चार घरांत पैसा येणं.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं हे स्टेडियम 2012 मध्ये सुरू झालं. आसनक्षमता 37 हजारांच्या आसपास. म्हणजे मैदान भरलं की एका दिवसापुरता इथे एक छोटा तालुक्याचा गावच वसतो. 2023 च्या विश्वचषकातले पाच सामने इथे झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली, जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडविरुद्ध टी-20. शिवाय 2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगही याच मैदानावर खेळली गेली. गर्दीची कमी नाही. मग अडतं कुठे?

वानखेडेला जमतं, इथे का नाही?

मुंबईत वानखेडे स्टेडियमला सामना बघायला गेलेला माणूस चर्चगेट स्टेशनला उतरतो आणि चालत मैदानात जातो. वाटेत वडापाव, सँडविच, चहा सगळं मिळतं. वेळ असेल तर फॅशन स्ट्रीटवर पोरांना कपडेही घेता येतात. खिशाला झेपेल तिथे खा, मग आत जा. आतलं महाग असलं तरी पोट आधीच भरलेलं असतं.

गहुंजेचं गणित उलटं आहे. मैदान मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेला लागून. लोकल आहे, पण देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून पुढे काही किलोमीटर रिक्षा नाहीतर लिफ्ट. मोठ्या सामन्याला पुण्यातून, निगडीहून पीएमपीच्या जादा बस सुटतात, त्या थेट स्टेडियमकडे. गाडीवाले थेट पार्किंगमध्ये. बंदोबस्तामुळे रस्त्यात थांबता येत नाही. परिणाम असा, की माणूस गावाला वळसा घालून येतो आणि तसाच जातो. बाजार बाजूला राहतो.

आणि सामने वर्षात मोजकेच. तेवढ्यासाठी कुणी कायमचं दुकान टाकत नाही. दुकान नाही म्हणून पर्याय नाही, आणि पर्याय नाही म्हणून आत जो दर लावला जाईल तो मुकाट्याने द्यायचा.

पाण्याचा धडा

हे किती अंगावर येऊ शकतं ते 24 ऑक्टोबर 2024 ला दिसलं. कसोटीचा पहिला दिवस, डोक्यावर ऊन, बरेचसे स्टँड उघडे. बाहेरून पाणी न्यायला बंदी, आणि आतलं पिण्याचं पाणी संपलं. लोक घोषणा द्यायला लागले. पुढे संघटनेने प्रेक्षकांची माफी मागितली आणि पाणी दिलं. पण प्रश्न एका दिवसाचा नव्हता. बाहेरचं आणू द्यायचं नाही असं एकदा ठरवलं, की आतल्या प्रत्येक माणसाच्या तहानेची जबाबदारी आयोजकावर येते.

2016 च्या दुष्काळात पाण्यावरूनच आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. तेव्हा वाद खेळपट्टीला लागणाऱ्या पाण्याचा होता. बघायला आलेल्या माणसाच्या घोटभर पाण्यावर मात्र तेवढी चर्चा कधी झाली नाही.

कायदा काय म्हणतो?

पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, हा नियम जुनाच आहे. 2018 पासून एकाच वस्तूवर बाजारात एक आणि मॉल-थिएटरला दुसरी अशी दोन वेगळी छापील किंमत टाकायलाही मनाई झाली. पण डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटना सूट दिली. तिथे बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवा मिळते, म्हणून ते जास्त दर लावू शकतात. तो निकाल हॉटेल-रेस्टॉरंटबद्दल होता. काउंटरवरून नुसती बाटली हातात देणारा स्टॉल म्हणजे हॉटेल का, हे ग्राहकाने विचारायलाच हवं.

अनेक स्टेडियममध्ये सुरक्षेसाठी बाटली हातात देत नाहीत, पाणी किंवा कोल्ड्रिंक कागदी ग्लासात ओतून देतात. सुरक्षेचं कारण खरं आहे. पण बाटली गेली की तिच्यावरची छापील किंमतही नजरेआड होते. ग्लासावर दर छापलेला नसतो.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांबाबत सांगितलं, की बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा मालकाला हक्क आहे, पण पिण्याचं शुद्ध पाणी फुकट दिलं पाहिजे. निकाल थिएटरपुरता असला तरी तर्क मैदानालाही लागू पडतो. तीन तासांच्या सिनेमाला फुकट पाणी, आणि उन्हात दिवसभर बसणाऱ्याला नाही, हे कुणाला पटेल?

गावचा हिस्सा कसा मिळेल?

आता दुसरी बाजू. गहुंजे ग्रामपंचायतीचं गाव आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ते घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा 2014 चा केंद्राचा कायदा शहरं आणि नगरं डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. शहरात त्यातून फेरीवाल्यांची समिती बनते, त्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच. गावातल्या हातगाडीवाल्याला तो आधार नाही. सामन्याच्या दिवशी पोलिसांनी हटकलं, की त्याला दाखवायला कागद नसतो.

पण रस्ता अगदीच बंद नाही. आठवडे बाजारात ग्रामपंचायती बाजार फी घेऊन जागा देतातच. तसाच एक दिवसाचा बाजार सामन्याच्या दिवशी पार्किंगच्या कडेला भरवता येईल. पोलीस, ग्रामपंचायत आणि क्रिकेट संघटना यांनी आधी बसून जागा आखून द्यावी. वीस-पंचवीस स्टॉल, दरफलक सक्तीचा, कचऱ्याचा डबा प्रत्येकाकडे. उमेद अभियानातल्या बचत गटांना पहिला मान द्यावा. पिठलं-भाकरी, मिसळ, इंद्रायणीचा गरम भात आणि आमटी, हे मावळातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. पुण्यातल्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्टॉलवर शहरातली माणसं रांगा लावतात. तीच माणसं गाडी घेऊन मावळाच्या दारात येतात, तर त्यांना बर्गरच का मिळावा?

यात अडचणीही आहेत. उरलेला माल कुणाच्या गळ्यात, पाऊस आला तर काय, गॅस सिलिंडर गर्दीत ठेवायचे का, हे प्रश्न खरे आहेत. खाद्य परवान्याची नोंदणी लागते, पण लहान विक्रेत्यासाठी ती सोपी आणि कमी फीची आहे. सगळ्यात मोठी भीती वेगळीच. स्टॉल बचत गटाच्या नावावर आणि मागे बसलेला कुणी गावपुढारी, असं झालं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून वाटप ग्रामसभेत, चिठ्ठी टाकून, सगळ्यांसमोर व्हावं.

तोपर्यंत बघायला जाणाऱ्यांनी काय करावं?

पोटभर खाऊनच निघावं. लोणावळा-कामशेतकडून येणाऱ्यांनी तळेगावात, पुण्याकडून येणाऱ्यांनी निगडी किंवा देहूरोडच्या बाजारात उरकून घ्यावं. गाडी असेल तर भाकरी-चटणी आणि पाण्याचा कॅन गाडीतच ठेवावा, परतताना कामाला येतो. रात्रीचा सामना संपायला अकरा वाजतात, तेव्हा शेवटची लोकल कितीची ते आधी बघून ठेवावं. आत काही घेतलं तर बिल मागावं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्यास बाटलीचा आणि बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. बिल नसेल तर तक्रारीला दम राहत नाही.

मैदान मावळच्या मातीवर उभं आहे. सामन्याच्या दिवशीची धूळ, हॉर्न आणि अडलेला रस्ता गावाच्या वाट्याला येतोच. निदान त्या दिवशीची चूल तरी गावाची पेटावी, एवढीच यातली खरी मागणी. पुढच्या मोठ्या सामन्याची तारीख लागली, की हा विषय ग्रामसभेत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.