यांचं कोलकाता, माझं कोलकाता

बदलीच्या नोकरीत नवरा-बायको एका शहरात राहतात, पण एकच शहर बघत नाहीत. एकाचं शहर कचेरीच्या वाटेवर असतं, दुसरीचं बाजाराच्या, शाळेच्या, शेजारपाजारच्या वाटेवर. यांची नोकरी केंद्र सरकारची. एशियाडच्या सुमारास आम्ही दिल्लीत होतो, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोलकात्यात, आणि मग नागपुरात परतलो ते कायमचे. यंदाच्या हिवाळ्यात दोन्ही शहरं पुन्हा बघायची ठरली, तेव्हा मुलीनं यादी करून दिली. कुतुबमिनार, अक्षरधाम, व्हिक्टोरिया, बेलूर मठ. यादीत वावगं काही नव्हतं, त्यातलं बरंचसं पाहिलंही. पण आम्हाला माणसं गाठायची होती. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांनी जुने मित्र ‘कधीतरी’वर टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीत पहिलं काम म्हणजे सरोजिनी नगर. आमचं क्वार्टर तिथलं. दुमजली, पिवळट, पुढे हिरवळीचा एक तुकडा. हिवाळ्यात नवरे कचेरीत गेले की सगळ्या बायका त्या हिरवळीवर खाटा टाकून उन्हात बसायच्या. मटार सोलायचे, मुळ्याला मीठ लावून खायचं आणि विणायचं. नागपूरकडून गेलेल्या मला दोन सुया धरायला शेजारच्या पंजाबी भाभीजींनी शिकवलं. ते क्वार्टर आता नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारनं सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर धरून सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायचं ठरवलं. 2018 मध्ये झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा दिल्लीकर रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयानं तोडणीला स्थगितीही दिली. वसाहती मात्र गेल्याच. आम्ही पोचलो तर पत्र्यांच्या कुंपणाआड उंच इमारती. आपला ब्लॉक नेमका कुठे होता, हे यांनी बाजाराच्या रस्त्यावरून ठरवलं. मी कडुनिंबाचं झाड शोधत होते. ते कुठेच दिसेना. सरकारी नोकरांना घरं हवीत, जुनी घरं पुरत नव्हती, हे मला मान्य आहे. पण दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत एकटीनं बसून मटार सोलणाऱ्या नव्या मुलीची मला काळजी वाटते. तिला विणायला कोण शिकवणार?

भाभीजी आता द्वारकेत मुलाकडे असतात. आमच्या वेळी तिकडे जायचं म्हणजे डीटीसीच्या बसनं अर्धा दिवस मोडायचा. आता 2002 पासून वाढत गेलेली मेट्रो थेट नेऊन सोडते. त्यांनी दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आधी माझ्या स्वेटरची बाही हातात घेऊन टाके तपासले. “ये किसने बुना?” मीच, म्हटल्यावर “फिर ठीक है” म्हणाल्या आणि मग मिठी मारली. दिल्लीबद्दल याहून जास्त सांगत नाही. चांदणी चौकातली दौलत की चाट तेवढी खाऊन घ्या. हिवाळ्यातच मिळते, दुधाचा फेस, वर केशर आणि साखर, जिभेवर ठेवेपर्यंत विरघळते.

तिथून हावडा राजधानीनं कोलकात्याला निघालो. देशातली ही पहिली राजधानी, 1 मार्च 1969 ला सुरू झालेली. धुक्यामुळे गाडी कित्येक तास उशिरा पोचली आणि हावड्याला उतरताच आमच्यात वाद झाला. यांना मेट्रोनं जायचं होतं, कारण 2024 च्या मार्चपासून हुगळीच्या तळाखालून मेट्रो धावते. मला पूल हवा होता. 1943 मध्ये वाहतुकीला खुला झालेला, नट-बोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेटांवर जोडलेला हा प्रचंड सांगाडा डोक्यावरून सरकल्याशिवाय कोलकात्यात आल्यासारखं वाटत नाही. सामान बरोबर होतं म्हणून पिवळी टॅक्सी केली आणि मी जिंकले. या ॲम्बॅसेडर टॅक्सीही आता थोड्याच दिवसांच्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यात त्या गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, आणि शहरात पंधरा वर्षांहून जुनी टॅक्सी चालवता येत नाही.

आम्ही राहायचो गरियाहाटजवळ. हे सकाळी कालीघाटपर्यंत बसनं जायचे आणि तिथून मेट्रोनं एस्प्लनेडला. देशातली पहिली मेट्रो 1984 मध्ये कोलकात्यात सुरू झाली आणि 1986 मध्ये टॉलीगंजपर्यंत आली, तेव्हा तिचं अप्रूप भारी होतं. एस्प्लनेडपासून पुढे हे चालत डलहौसीला. मी मात्र ट्रामची. पुढच्या डब्याला पंखे म्हणून तो पहिला वर्ग, मागचा दुसरा. खाकीतला कंडक्टर बोटांच्या बेचक्यांत तिकिटांच्या गड्ड्या धरून यायचा, दोरी ओढून घंटा द्यायचा, आणि गरियाहाटहून निघालेली ट्राम पार्क सर्कसचं वळण घेत धर्मतल्ल्याकडे, म्हणजे एस्प्लनेडकडेच, जायची. मुलगी मांडीवर. घाई कुणालाच नसायची. एकाच दिशेला रोज आम्ही दोघं गेलो, हे जमिनीखालून, मी वरून. आणि संध्याकाळी एकमेकांना काय पाहिलं ते सांगायला पुरेशी ताकद उरायची नाही. या सहलीत आम्ही ठरवूनच टाकलं, एक दिवस तुमचं शहर, एक दिवस माझं.

यांच्या दिवशी मला एस्प्लनेडमागच्या डेकर्स लेनमध्ये नेण्यात आलं. नव्या पाटीवर जेम्स हिकी सरणी, ज्यानं 1780 मध्ये ‘बेंगॉल गॅझेट’ काढून या देशात वर्तमानपत्र सुरू केलं त्या हिकीच्या नावानं. लोक अजून डेकर्स लेनच म्हणतात. दोन्ही अंगांना खाण्याच्या टपऱ्या, लाकडी बाकडी, आणि ऑफिसपाड्यातल्या माणसांची ही गर्दी. स्ट्यू आणि टोस्ट ही इथली खासियत. वाडग्यात पातळ, मिऱ्याच्या वासाचा रस्सा, त्यात पपई, गाजर, बटाटा. बाजूला लोणी लावून भाजलेले पावाचे जाड काप. तिथं यांचे जुने सहकारी आले. उत्तरपाड्याहून लोकलनं, ऐंशीच्या घरातले, हातात खजुराच्या नव्या गुळाच्या संदेशचा डबा. बसल्या बसल्या मला म्हणाले, “बौदी, पाटवडी आणली नाहीत?”

मी यांच्याकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं. मी पहाटे उठून भरलेला डबा बारा वाजता कचेरीत उघडायचा आणि टेबलावरची चौघं माणसं तो खायची. गुरुवारी पाटवडी असते हे त्यांना पाठ होतं. आणि हे रोज इथं येऊन स्ट्यू-टोस्ट खायचे. मला राग आला का? मुळीच नाही. परक्या शहरात नवख्या माणसाला टेबलावर जागा कशी मिळाली असेल, याचा मी तेव्हा कधी विचारच केला नव्हता. ती माझ्या पाटवड्यांनी मिळवून दिली होती, आणि त्या माणसाला इतक्या वर्षांनी बेसनात घातलेल्या खसखशीची आठवण होती. त्यांनी सांगितलं की चौघांपैकी आता ते एकटेच उरलेत. मग कितीतरी वेळ दोघं गेलेल्यांच्या गोष्टी बोलत होते, अर्ध्या बंगालीत, अर्ध्या हिंदीत, आणि मी दुसरा चहा मागवला. परतताना यांच्या हट्टाखातर हावडा मैदानापर्यंत मेट्रोनं जाऊन आलो. नदीखालचा टप्पा पाचशे वीस मीटरचा, बोगद्यात निळे दिवे लागतात आणि पाऊण मिनिटात पलीकडे. हे बालवाडीतल्या मुलासारखे काचेला नाक लावून उभे होते.

माझ्या दिवशी ट्राम. 2024 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा मार्ग राखून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. प्रकरण उच्च न्यायालयात आहे. 1873 मध्ये घोड्यांनी ओढायला सुरुवात झालेली, 1902 मध्ये विजेवर आलेली ही गाडी रस्ता अडवते म्हणून काढायची, आणि त्याच रस्त्यावर दुतर्फा मोटारी उभ्या करू द्यायच्या, हे मला पटत नाही. धूर नाही, पायरी खुजी, भाडं गरिबाला परवडणारं. म्हाताऱ्या बायकांना याहून सोयीचं वाहन कुठल्या शहरानं दिलं आहे? गरियाहाटची ट्राम मिळाली, यांना खिडकीशी बसवलं आणि माझा सगळा रस्ता दाखवला. नंतर कॉलेज स्ट्रीट. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वाट काढत कॉफी हाउसच्या जिन्यानं वर. अल्बर्ट हॉलची ही वास्तू, 1942 पासून कॉफीची, आणि कॉफी बोर्डानं हात काढून घेतल्यावर 1958 पासून कामगारांच्या सहकारी संस्थेची. पांढरा गणवेश, तुरेवाला फेटा, काळ्या कॉफीला ‘इन्फ्यूजन’ म्हणण्याची रीत, सारं तसंच. कोपऱ्यातल्या टेबलावर पाच मुलं मिळून दोन कप पीत तावातावानं भांडत होती. बरं वाटलं.

संध्याकाळी आमच्या जुन्या शेजारीण बौदींकडे बागबाजारला गेलो. गरियाहाटला त्या आमच्या खालच्या मजल्यावर असत. आता सासरच्या जुन्या घरात राहतात. त्यांच्या सासूबाई, आमच्या माशीमा, दुपारी नातवाला आणि माझ्या लेकीला एकाच गादीवर निजवायच्या आणि बंगालातली घरोघरची अंगाई म्हणायच्या. तिच्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. पोर निजलं, गाव निवांत झालं आणि हे देशात शिरले, आता सारा कुठून भरायचा, असा त्या अंगाईचा आशय. अर्थ कळला त्या दिवशी मी चरकले होते. नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्याजवळ वाढलेली मी. शाळेत आम्हाला कटकापर्यंतचा पराक्रम शिकवला. बंगाली कवी गंगारामानं ‘महाराष्ट्र पुराणा’त लिहिलेली जळती गावं कुणी शिकवली नाहीत. 1742 मध्ये मराठ्यांच्या धास्तीनं कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तिकडे 1744 मध्ये बंगालच्या नवाब अलीवर्दीखानानं मराठ्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकरांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि ठार मारलं. 1751 च्या तहात वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली, तेव्हा कुठे स्वाऱ्या थांबल्या. बौदींच्या घरापासून थोड्या अंतरावर ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे.

माशीमांना मी तेव्हा चाचरत सांगितलं होतं की आम्ही त्याच गावचे. त्या खूप हसल्या, म्हणाल्या, “तुझी मुलगी तर लगेच झोपते ना? मग झालं.” त्या गेल्याला बरीच वर्षं झाली. भिंतीवरच्या फोटोला त्यांच्या आवडीचा रजनीगंधेचा हार होता. बौदींच्या मांडीवर नातू, म्हणजे माशीमांचा पणतू, आणि बौदी त्याला तेच गाणं म्हणत होत्या. आम्ही नेलेल्या संत्राबर्फीचा तुकडा त्याच्या मुठीत.

जेवताना बौदी म्हणाल्या, “तुम्ही माझं बागबाजार पाहिलंत, आता बर्ग्यांचं गाव मला दाखवा.” हे तिथेच हिशेबाला लागले. भोसल्यांचा वाडा, दीक्षाभूमी, रामटेक. मी म्हटलं, आणि गुरुवारचा बाजार. येताना त्यांनी गीतांजलीनं यायचं. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना 1977 मध्ये निघालेली, तेव्हा सगळ्यांना एकच वर्ग असलेली ती गाडी. आमचीही ती आवडती आणि परत आम्ही तिनंच आलो. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. तारीख त्या कळवणार आहेत, तिकिटं इथून आम्ही काढू. गुडघ्यांमुळे खालचाच बर्थ लागेल, आणि उत्तरपाड्याच्या दादांनाही सोबत आणायला मी सांगितलं आहे.