‘सोबत’ आणि ‘ऐवजी’

माजी क्रिकेटपटू व राजकीय नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगमुक्तीचे श्रेय कच्ची हळद, कडुलिंब, लिंबूपाणी आणि आहारनियमन यांना दिले. त्याची चित्रफीत देशभर पसरली आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना निवेदन काढावे लागले. या दाव्याला सबळ पुरावा नाही, रुग्णांनी उपचार लांबवू नयेत, असे त्यांनी बजावले. श्रीमती सिद्धू यांच्यावर शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झालेली होती. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असा खुलासा सिद्धू यांनी नंतर केला. पण खुलासा दाव्याइतका दूर पोहोचत नाही.

मूळ प्रश्न ‘सोबत’ की ‘ऐवजी’ हा आहे. प्रस्थापित उपचारांसोबत घेतली जाते ती पूरक पद्धती, त्यांच्याऐवजी घेतली जाते ती पर्यायी. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात अन्यत्र न पसरलेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातील निष्कर्ष अधिक सूचक आहे. पूरक पद्धती वापरणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांनी केमोथेरपी नाकारली होती. इतरांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. म्हणजे ‘सोबत’ म्हणून सुरू झालेली गोष्ट नकळत ‘ऐवजी’ होऊ शकते.

याचा अर्थ पूरक पद्धती त्याज्य ठरतात असा नव्हे. चिंता व नैराश्य कमी करण्यासाठी योग आणि ध्यान, तर काही वेदनांवर अ‍ॅक्युपंक्चर यांची शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही केली आहे. वनस्पतींशी तर आधुनिक वैद्यकाचे वैर कधीच नव्हते. अंगणातल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळाले. मात्र त्यासाठी घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागल्या. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समजही घातक आहे. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे इरिनोटेकान या केमोथेरपीच्या औषधाची रक्तातील पातळी घटते.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यान्वये बंदी आहे. तरीही असे दावे थांबलेले नाहीत, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. खर्चाने खचलेल्या, केमोथेरपीच्या दुष्परिणामांना धास्तावलेल्या कुटुंबाला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळतात मोजकी मिनिटे. वैदू मात्र तासभर ऐकून घेतो. डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण काढ्याची गोष्ट लपवतो आणि धोका वाढतो. तेव्हा ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाने न रागावता विचारला पाहिजे. निवेदनाने अफवेला उत्तर देता येते. रुग्णाचा विश्वास मात्र संवादानेच टिकतो. तो वेळेत साधला नाही, तर बरा होऊ शकणारा रोगही हाताबाहेर जातो.