सॅकवाल्याला जळगावात एक कॉट हवी

अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला आणि खिशात मोजके पैसे असलेला माणूस बहुतेक वेळा जळगाव स्टेशनावर उतरतो. त्याचं कारण सरळ आहे. मुंबई–हावडा मुख्य मार्गावरचं हे मोठं स्थानक लेण्यांपासून साधारण साठ किलोमीटरवर आहे, तर छत्रपती संभाजीनगरहून तेच अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. शिवाय इथे सुरतेकडची गाडीही येऊन मिळते. लेणी सकाळी नऊला उघडतात, संध्याकाळी पाचला बंद होतात आणि लांब पल्ल्याच्या गाड्या रात्री-अपरात्री येतात-जातात. म्हणजे पाठीवर सॅक घेतलेल्या या माणसाला एक रात्र, पुष्कळदा दोन, जळगावात काढाव्याच लागतात. लेणी मात्र सोयगाव तालुक्यात, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात येतात. त्यामुळे १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे स्थळ आपल्या दाराशी असूनही पर्यटनाचा विषय निघाला की जळगाव बाजूला राहतं. माझं म्हणणं असं आहे की, लेणी कोणत्याही जिल्ह्यात असोत, रात्री जो आपल्या गावात झोपतो तो आपला पाहुणा. त्याला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, स्वस्त आहेत, आणि नेमक्या त्याच आपल्या स्वतःच्या मुलामुलींनाही लागतात.

या गावात नवा असलेला माणूस बसस्थानकावर पोचतो तिथपासून पाहू. त्याला 'अजिंठा' एवढा एकच शब्द ठाऊक असतो. बसच्या पाटीवर असतं छत्रपती संभाजीनगर, तेही देवनागरीत. नेरी, पहूर ही नावं त्याने कधी ऐकलेली नसतात. उतरायचं असतं फर्दापूरच्या फाट्यावर, कारण तिथून पुढचे चार किलोमीटर खासगी वाहन जात नाही, एसटीच्याच दुसऱ्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी जावं लागतं. आणि 'अजिंठा, अजिंठा' म्हणत जो बसून राहतो तो लेणी मागे टाकून घाट चढून अजिंठा गावात उतरतो, कारण ज्या गावाचं नाव लेण्यांना पडलं ते गाव लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटर पुढे आहे. चांगला वाहक भेटला तर तो हाक मारून उतरवतो, आणि आपल्याकडचे वाहक पुष्कळदा तसं करतातही. पण माणसाचा चांगुलपणा ही व्यवस्था नव्हे. फलाटावर तीन भाषांत एक फळा लावायला कितीसा खर्च येतो? त्यावर फर्दापूर फाट्याला उतरा, लेणी सोमवारी बंद, परतीची शेवटची गाडी अमुक वाजता, एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं. सामानाचीही हीच गत. रेल्वेच्या सामानघराचा नियम असा की बॅगेला कुलूप हवं. पाठीवरच्या सॅकला कुलूप लावायची सोय बहुधा नसते. म्हणून हा प्रवासी दहा-बारा किलोचं ओझं घेऊनच लेण्यांच्या पायऱ्या चढतो.

मुख्य प्रश्न रात्रीचा आहे. एकट्या माणसाला लॉजवर दोघांची खोली आणि दोघांचं भाडं गळ्यात पडतं. पूर्वी गावोगाव 'कॉट बेसिस' हे शब्द लॉजच्या पाटीवर सर्रास दिसत. एका मोठ्या खोलीत आठ-दहा कॉट, प्रत्येकी एक उशी, एक चादर, बाहेर नळ. ती पाटी आता दुर्मीळ होत चालली आहे. रेल्वेची विश्रांतीगृहं आहेत, पण ती तिकीट असलेल्यालाच, आणि तीही मोजकी. एकट्या बाईचं तर आणखी अवघड. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. या एका निर्णयाने कधी तालुक्याबाहेर न गेलेल्या कितीतरी बायका एकट्या प्रवास करू लागल्या. पण बसचं भाडं निम्मं झालं तरी मुक्कामाचं भाडं आहे तिथेच आहे, आणि 'सोबत कोण आहे?' हा काउंटरवरचा प्रश्नही आहे तिथेच आहे. तसाच धडगाव-अक्कलकुव्याहून परीक्षेसाठी धुळ्याला आलेला मुलगा घ्या. पोलीस भरतीच्या दिवसांत जिल्ह्याच्या गावी मैदानाबाहेर, फूटपाथवर, बॅग उशाला घेऊन झोपलेली मुलं आपण दरवर्षी पाहतो. पहाटे त्यांना धावायचं असतं, गुण मिळवायचे असतात. फ्रान्सहून आलेला सॅकवाला आणि हा मुलगा यांची गरज अक्षरशः एकच आहे: अनोळखी शहरात, थोड्या पैशात, निर्धास्त झोप.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो की असे फुकटे प्रवासी गावाला काय देणार, पैसेवाला पर्यटक आणा. जरा हिशेब करून पाहू. अजिंठ्याचं तिकीट भारतीयाला चाळीस रुपये आणि परदेशी माणसाला सहाशे. जो गडी तिकिटाला सहाशे मोजतो आणि झोपायला स्वस्त जागा शोधतो, तो कंजूष नाही. पाहण्यासाठी जपून ठेवलेला पैसा त्याला झोपेवर घालवायचा नसतो, इतकंच. मोटारीने येणारा बडा पाहुणा बहुधा संभाजीनगरच्या हॉटेलातून निघतो, दुपारी लेणी पाहतो, संध्याकाळी परत जातो. जळगावच्या पदरात त्यातून काही पडत नाही. सॅकवाला मात्र स्टेशनासमोर चहा पितो, रिक्षात बसतो, डझनभर केळी घेतो, रात्री शेवभाजी खातो. थंडीचे दिवस असतील तर कोणीतरी त्याला भरीत खायला नेतंच. बामणोदकडची हिरवी-पांढरी लांबट वांगी काड्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी भांड्यात ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या केळीलाही आहे. त्याने मोजलेला रुपया त्याच रात्री गल्ल्यात पडतो आणि दुसऱ्या दिवशी गावातच फिरतो. रक्कम लहान असेल, पण ती ज्यांच्या हातात पडते त्यांना ती लहान वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो सुरक्षिततेचा. अनोळखी माणूस ठेवून घ्यायचा आणि उद्या काही झालं तर? परदेशी पाहुणा उतरला की लॉजवाल्याने चोवीस तासांच्या आत त्याची नोंद सरकारला कळवावी लागते. वर्षानुवर्षं ती 'सी फॉर्म' म्हणून ओळखली जाते. चूक झाली तर जबाबदारी त्याच्यावर. ज्याच्याकडे महिन्यातून एखादाच परदेशी येतो, तो लहान लॉजवाला ही कटकट नको म्हणून 'रूम फुल' सांगतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण नोंद हल्ली ऑनलाइन होते. पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवून ती भरणं हे अर्ध्या तासात शिकवता येईल असं काम आहे. पोलीस आणि लॉजचालक यांनी वर्षातून एकदा एकत्र बसलं, स्टेशनच्या परिसरातल्या चार-पाच ठिकाणांनी 'आमच्याकडे परदेशी पाहुणा चालतो' असं जाहीर केलं, तरी रात्री अकराला दारोदार हिंडणं थांबेल. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही रजिस्टरात नाव लिहून खाटेवर झोपलेला माणूस फलाटावर बेनाव झोपलेल्या माणसापेक्षा केव्हाही बरा.

मग खाटा आणायच्या कुठून? जर्मनीत १९०९ साली रिखर्ड शिरमान नावाचा शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळाने गाठलं तेव्हा त्यांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, मग त्या प्रवासी पोरांना का देऊ नयेत, हा विचार त्याच रात्रीचा. त्यातून १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युवा वसतिगृह उभं राहिलं आणि पुढे ती चळवळ जगभर गेली. आपल्याकडे याची मुळं त्याहून जुनी आहेत. मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगराहून निघून महिनाभर चालत पंढरपूर गाठते. वाटेवरची गावं तिला जेवू घालतात, शाळांमध्ये, मंदिरांमध्ये उतरवून घेतात. चैत्रात धुळे-जळगावकडून हजारो लोक सप्तशृंगगडाकडे पायी निघतात, तेव्हा रस्त्यारस्त्यावर पाणी, चहा, जेवणाचे मांडव पडतात. कोणी म्हणेल, ती भक्ती आहे, हे हिंडणं आहे. मान्य. पण मांडवात पंगत बसते तेव्हा कोणी कोणाची भक्ती मोजत नाही, थकलेल्याला बसायला जागा देतात. तीच सवय कॉर्पोरेशनच्या आणि एसटीच्या कामात यायला हवी, एवढीच मागणी आहे. दिवाळीच्या सुट्टीत, नेमक्या हंगामात, शाळांचे वर्ग रिकामे असतात. बसस्थानकाच्या नव्या इमारतींमध्ये दुकानांचे गाळे आधी आखले जातात. त्यात बायकांसाठी दहा आणि पुरुषांसाठी वीस खाटा, कुलपाची कपाटं आणि अंघोळीची सोय धरली, वाजवी भाडं घेतलं, तर चालवण्याचा खर्च त्यातून निघू शकेल.

उन्हाळ्याचं मात्र कोणी खोटं सांगू नये. कर्कवृत्ताच्या खाली असलेल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि तेव्हा नव्या माणसाला दुपारी बाहेर पडू नका हेच सांगणं योग्य. पण त्यासाठी वर्षभराचं दार लावून घ्यायचं कारण नाही. आणि 'जळगाव-धुळ्यात पाहण्यासारखं आहे काय' हा आक्षेप तर आपलीच माणसं घेतात, याचं फार वाईट वाटतं. रविवारी रात्री उतरलेल्या माणसाला सोमवारी लेणी बंद असल्याचं कळतं, तेव्हा त्याच्या हातात अख्खा दिवस असतो. जुन्या जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे. अंमळनेरला साने गुरुजींची शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर आहे. चाळीसगावात स्टेशनापासून जवळच केकी मूस यांचं कलादालन आहे, तिथून पाटणादेवीचं रान गाठता येतं. चाळीसगावहूनच १९०० साली सुरू झालेला रेल्वेचा फाटा धुळ्याला जातो. तिथे समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं आहेत, राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि १९३२ साली विनोबांनी ज्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, तो तुरुंगही धुळ्याचाच. हे सगळं एसटीने होतं. १९८८ पासून एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे, चार दिवसांचा पास, सात दिवसांचा पास. चार दिवसांत हा पट्टा आरामात पाहून होतो. सोमवारी सकाळी चौकशीच्या खिडकीशी 'अजंता?' म्हणून विचारणाऱ्याला 'आज बंद' एवढंच ऐकून परत फिरावं लागतं. त्याच खिडकीवर त्या पासाची माहिती आणि या ठिकाणांना जाणाऱ्या बसच्या वेळा त्याला वाचता येतील अशा लिपीत लावलेल्या हव्यात, आणि संध्याकाळी परत आल्यावर झोपायला एक कॉट.