फौजदारीचा लिलाव

ब्राझीलच्या ओडेब्रेख्त कंपनीने डझनभर देशांत लाच चारल्याची कबुली 2016 साली दिली, तेव्हा ती वार्ता आपणांस फार दूरची वाटली. परंतु ज्या कलबुर्गीत निजामाच्या अमदानीपासून दप्तर, दाखला आणि दस्तुरी हे शब्द जनतेच्या जिभेवर रुळले आहेत, तेथे 3 ऑक्टोबर 2021 रोजी कर्नाटकातील फौजदारांच्या 545 जागांसाठी झालेल्या परीक्षेत जे घडले, ते मला त्याहून अधिक भयावह वाटते.

उत्तरपत्रिकेवरची ती चिमुकली वर्तुळे डोळ्यांपुढे आणा. परीक्षार्थीने ती कोरी सोडायची आणि घंटा झाल्यावर केंद्रातल्याच कुणी शाईने भरायची, असा हा व्यवहार असल्याचे तपासात पुढे आले. एका उमेदवाराने जेमतेम 21 प्रश्न सोडवूनही त्याचे नाव निवडयादीत झळकले होते, आणि संशयाला वाचा फुटली ती उत्तरपत्रिकेच्या प्रतीमुळे. पुढे भरती विभागाचा प्रमुख राहिलेला अतिरिक्त पोलीस महासंचालकच अटकेत गेला.

ज्याने पैसे मोजून फौजदारी घेतली, तो ते कुणाकडून वसूल करणार? भालकी-औरादकडचा जो तूरउत्पादक बांधाच्या तंट्याची फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढतो, त्याच्याकडूनच.

निकाल 2022 च्या एप्रिलमध्ये रद्द झाला. फेरपरीक्षा 2024 च्या जानेवारीत झाली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांची मधली पावणेदोन वर्षे मात्र कोणत्याही आरोपपत्रात नमूद नाहीत.