लाल नळकांडे

आमच्या गाडीत एक लाल नळकांडे आहे. गाडी म्हणजे वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट आणि नळकांडे म्हणजे आग विझवायचे, एक किलो पुडीचे यंत्र. २०१५ साली मी ते घरी आणले तेव्हा मोठा हशा पिकला. "अहो, आपल्या गाडीला ढकलायला माणसं लागतात, बंब कशाला?" असे सौभाग्यवतींनी विचारले. आई तेवढी हसली नाही. तिने किंमत विचारली आणि ती गप्प बसली. ते मला अधिक बोचले. यंत्र डिकीत गेले आणि तिथेच विसावले.

२०२४ च्या भाऊबीजेला आम्ही तिघे पुण्याहून साताऱ्याला बहिणीकडे निघालो. त्याआधी आठ दिवस गाडीत पेट्रोलचा वास येत होता. पण जुन्या गाडीच्या धन्याला असला वास खटकत नाही. तो त्याला अत्तरासारखा हुंगतो! खरी गोष्ट अशी, की पंपाकडून कार्बुरेटरकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी वयोमानाने चिरली होती. त्यातून आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, त्याला भेगा जातात. हातभर नळी बदलायला मेकॅनिकला अर्धा तास पुरला असता. तेव्हा दोष ना गाडीचा, ना पेट्रोलचा. आठ दिवस स्वस्थ बसलेल्या माझ्या नाकाचा.

खंबाटकीच्या चढावर बॉनेटच्या कडेने धूर निघाला. मी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि हँडब्रेक ओढला. माझ्या हातून झालेले शहाणपणाचे काम तेवढेच. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबले की पेट्रोल ढकलणेही थांबते.

मी थेट डिकीकडे धावलो. "अहो, आधी आईंना उतरवा!" सौभाग्यवती ओरडल्या आणि मी वळेपर्यंत त्यांनीच आईला दंडाला धरून बाहेर काढलेसुद्धा. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा पदर दाराच्या कडीत अडकला होता. तो सोडवायला किती क्षण लागले असतील? आजही ते मोजवत नाहीत.

इकडे डिकीत अनारसे, चकल्या, चिवड्याचे दोन डबे, बहिणीची साडी, वळकटी, आणि सगळ्यांच्या तळाशी ते नळकांडे! ते हाती आले तेव्हा त्याच्या तबकडीतला काटा हिरवा पट्टा सोडून लाल पट्ट्यात निजला होता. नऊ वर्षांत मी त्याच्याकडे पाहिले नव्हते. दाबले, तर नुसते फुसकले. मी पाण्याची बाटली उचलली.

"काका, पाणी नको! पेट्रोल तरंगतं त्याच्यावर!"

मागची एस. टी. अंतर राखून थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर आपले यंत्र घेऊन धावत येत होता. मी बॉनेटला हात घालणार, तोच तो पुन्हा गरजला, "उघडू नका! हवा मिळाली की भडकेल." त्याने पिन उपसली आणि पुढच्या जाळीतून व बॉनेटच्या फटीतून ज्वाळेच्या बुडाशी पुडीचे फवारे मारले. धूर पांढरा झाला, मग विरळ झाला. तरी तो गृहस्थ यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला. ही पूड ज्वाळा तोडते, पण लोखंड गार करीत नाही, आणि तापल्या लोखंडावर पेट्रोलची वाफ पुन्हा पेट घेते. पैसे त्याने घेतले नाहीत. आईने मात्र चिवड्याचा एक डबा त्याच्या हाती दिलाच.

फियाटचे थोडे वायरिंग जळाले, रंग गेला. पूड धातूला खाते, म्हणून इंजिन चांगले धुऊन घ्यावे लागले.

आता नवे यंत्र आले आहे, आयएसआय शिक्क्याचे. ते डिकीत नाही. पुढच्या सीटसमोर, सौभाग्यवतींच्या पायांशी, लोखंडी पट्टीने आवळून बसवले आहे. मोकळे ठेवले तर गडगडत ब्रेकखाली जायचे! असले यंत्र आठ-दहा सेकंदांत रिकामे होते. तेवढ्यात विझले तर विझले, नाहीतर गाडी सोडून लांब जायचे, असे आमचे ठरले आहे. उतरण्याची रंगीत तालीमही झाली. आईला मागच्या सीटवरून उतरायला ते आठ-दहा सेकंद पुरत नाहीत, हे त्यात कळले. तेव्हापासून तिला पुढे बसवतो आणि सौभाग्यवती मागे.

(जाता जाता एक. वडिलांच्या पिढीची पितळी पिचकारीसारखी यंत्रे कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असे. आगीवर पडून तापले की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.)

दर महिन्याच्या एक तारखेला मी काटा पाहतो आणि नळकांडे उलटेसुलटे करून हलवतो, कारण गाडीच्या हादऱ्यांनी पूड तळाशी घट्ट बसते. यंदा खंडेनवमीला आईने फियाटबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिले आणि झेंडूची माळ घातली. माळ नेमकी तबकडीवर आली होती. आई आत गेल्यावर मी दोन फुले बाजूला सारली आणि काटा पाहिला. हिरव्यात होता.